प्रायमचे दोन मुलगे

कार्ल लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती 1758 साली स्टॉकहोमला निघाली. प्राण्यांची शास्त्रीय नावे या आवृत्तीपासून ग्राह्य धरायची, त्याआधीची नाहीत, असा नियम प्राणिशास्त्रज्ञांनी पुढे केला. (कोळ्यांपुरता एक अपवाद आहे. कार्ल क्लर्क या स्वीडिश गृहस्थाचे कोळ्यांवरचे पुस्तक वर्षभर आधीचे असूनही चालते.) त्यामुळे फुलपाखराच्या नावाचा कोणताही तंटा उकलायला घ्या, मागे मागे जाता शेवटी याच ग्रंथाच्या दाराशी यावे लागते. लिंबाच्या झाडावर वाढणाऱ्या, पुण्या-मुंबईच्या बागांत रोज दिसणाऱ्या ‘कॉमन मॉरमॉन’ या स्वॅलोटेल फुलपाखराचा तंटाही तिथलाच आहे. हे फुलपाखरू त्या ग्रंथात एकदा नव्हे, दोनदा आले आहे, आणि दोन वेगवेगळ्या जाती म्हणून.

लिनियसने जगातली त्याला ठाऊक असलेली सगळी फुलपाखरे ‘पॅपिलिओ’ या एकाच प्रजातीत घातली आणि मग तिचे गट पाडले. पहिला मान मोठ्या, रुबाबदार फुलपाखरांना. त्यांना त्याने ‘इक्विटेस’, म्हणजे घोडदळातले शिलेदार म्हटले. शिलेदारांच्याही दोन छावण्या केल्या, एक ट्रॉयची आणि दुसरी ग्रीकांची. ज्यांच्या छातीवर रक्तासारखे लाल ठिपके, ते ट्रोजन. बहुतेक काळे, जणू पडलेल्या नगराचे सुतक पाळणारे. ज्यांची छाती कोरी आणि मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात डोळ्यासारखी खूण, ते ग्रीक. मग होमरच्या महाकाव्यातली नावे वाटली गेली. इकडे प्रायमस, हेक्टर, पॅरिस, हेलेनस. तिकडे अॅगमेम्नॉन, मॅकेऑन, पोडॅलिरियस. वर्गीकरणाच्या इतिहासात याची ‘कवीची लहर’ म्हणून बोळवण करण्याची प्रथा आहे. मला ती पटत नाही. शेकडो नावे लक्षात ठेवायची आणि तीही लॅटिन शिकलेल्या युरोपीय विद्यार्थ्याला, तर त्याच्या तोंडी आधीच असलेली नामावळी वापरणे ही व्यवहारी युक्ती होती. नाव ऐकताच छावणी कळे, आणि छावणीवरून छातीचा रंग.

निकष मात्र सैल होता. छातीवर रक्ताचा थेंबही नसलेली कितीतरी फुलपाखरे ट्रोजनांत बसवली गेली. त्यांतलीच ही दोन, पॅपिलिओ पॅमन आणि पॅपिलिओ पॉलिटीस. पॅमन काळा, मागच्या पंखावर आडव्या ओळीत पांढरे डाग, पुढच्या पंखाच्या कडेला बारीक पांढरे ठिपके, मागे आखूड शेपटी. पॉलिटीसच्या मागच्या पंखाच्या मध्यावर पांढऱ्या डागांचा झुबका आणि कडेने लाल चंद्रकोरी. दोन्ही समोरासमोर ठेवली तर कोणीही त्यांना एका घरची म्हणणार नाही. ‘इलियड’च्या चोविसाव्या सर्गात, हेक्टर मारला गेल्यावर ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम उरलेल्या नऊ मुलांवर डाफरतो. त्या नऊ जणांत पॅमन आणि पॉलिटीस ही नावे आहेत. लिनियसने दोन फुलपाखरांना दोन सख्ख्या भावांची नावे दिली. प्रत्यक्षात ती नर आणि मादी होती.

यात लिनियसची हलगर्जी शोधण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे काय होते ते पाहावे. स्वीडनची राणी लोविसा उल्रिका हिचा ड्रॉटनिंगहोमच्या राजवाड्यातला संग्रह त्याने वर्णिला. त्याचे स्वतंत्र पुस्तक 1764 साली निघाले. शिवाय त्याचा स्वतःचा संग्रह होता. दोन्हींकडे आशियातून आलेली, टाचणीला टोचलेली, वाळलेली फुलपाखरे. कोणते कोणाबरोबर उडत होते, कोणाच्या अंड्यातून कोण निघाले, हे टाचणी सांगत नाही. ज्याचे रूप वेगळे ती जात वेगळी, याखेरीज दुसरा आधार त्याच्याकडे नव्हता. आणि हीच चूक ‘सिस्टेमा नॅचुरी’त पुन्हा झाली आहे. मेम्नॉन आणि एजेनॉर म्हणून जी दोन फुलपाखरे त्याने नोंदवली, त्यांतले एजेनॉर हे मेम्नॉनच्याच मादीचे एक रूप निघाले. अमेरिकेतल्या वाघपट्टी स्वॅलोटेलची काळी मादी ‘ग्लॉकस’ म्हणून 1758 मध्ये आली आणि त्याच जातीचे पिवळे रूप ‘टर्नस’ म्हणून 1771 मध्ये. तीन वेळा एकच घोटाळा, आणि तिन्ही वेळा मादीच्या रूपावरून.

पॉलिटीसच्या बाबतीत गोष्ट इथेही थांबत नाही. पीटर क्रॅमर हा अॅमस्टरडॅमचा व्यापारी. आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या खंडांतल्या फुलपाखरांची रंगीत चित्रे असलेला त्याचा ग्रंथ डच आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत 1775 पासून भागाभागाने निघू लागला. क्रॅमर पुढच्याच वर्षी वारला आणि कास्पार स्टोलने काम तडीस नेले. या ग्रंथात 1775 साली ‘रोम्युलस’ नावाचे एक फुलपाखरू आले. काळ्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागे लालभडक डागांच्या रांगा. हीसुद्धा कॉमन मॉरमॉनचीच मादी, तिसऱ्या रूपातली. म्हणजे एका फुलपाखराला सतरा वर्षांत तीन नावे मिळाली, आणि नराला एक, माद्यांना दोन अशी ती वाटलेली असूनही तिन्ही नावे पुरुषांची.

याच क्रॅमरने त्याच वर्षी ‘पॉलिम्नेस्टर’ हेही नाव दिले. ते फुलपाखरू म्हणजे आपले राणी पाखरू, ब्लू मॉरमॉन, जे 2015 साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. ग्रीक कथेतला पॉलिमेस्टर हा थ्रेसचा राजा, प्रायमचा जावई. सांभाळायला दिलेल्या मेहुण्याला त्याने सोन्याच्या लोभाने मारले. क्रॅमर लिनियसच्याच पंगतीत बसून नावे ठेवत होता, तेव्हा हाच राजा त्याच्या मनात असावा असे मानायला हरकत नाही. आपल्या राज्य फुलपाखराचा नामधारक इतका बदलौकिकाचा आहे हे घोषणेच्या वेळी कोणी काढले नाही, हे बरेच झाले.

दस्तऐवजांत पुढचा ठळक टप्पा 17 मार्च 1864चा. त्या दिवशी लंडनच्या लिनियन सोसायटीत आल्फ्रेड रसेल वॉलेसचा मलाया प्रदेशातल्या स्वॅलोटेलांवरचा निबंध वाचला गेला. छापून आला 1865 मध्ये. लिनियसच्या मृत्यूनंतर त्याचा खासगी संग्रह इंग्लंडमध्ये विकत आणला गेला होता आणि 1829 पासून तो याच संस्थेच्या ताब्यात होता. लिनियसने केलेली फाटाफूट सांधणारा निबंध लिनियसच्याच संग्रहाच्या घरात वाचला जावा, हा योग मजेशीरच. वॉलेस आठ वर्षे त्या बेटांवर हिंडला होता. त्याने दाखवून दिले की अनेक जातींत नर एकाच रूपाचा असतो आणि माद्या दोन-तीन वेगवेगळ्या रूपांच्या. मेम्नॉनचा पुरावा तर जावाहून आला होता. तिथे अळ्या पाळल्या गेल्या, तेव्हा नर निघालेच, शिवाय शेपटीच्या आणि बिनशेपटीच्या अशा दोन्ही माद्या निघाल्या. टाचणीला जे सांगता आले नव्हते ते अळीने सांगितले.

वॉलेसने पुढे आपल्या प्रवासग्रंथात हे समजावण्यासाठी एक उदाहरण योजले. दूरच्या बेटावर एक भटका इंग्रज, त्याच्या दोन भिन्न वंशांच्या बायका. मुलगे सगळे बापासारखे गोरे, मुली मात्र या किंवा त्या आईसारख्या, आणि कोणत्याही आईला दुसरीच्या रूपाची मुलगी होऊ शकते. आज ते उदाहरण वाचताना अवघडल्यासारखे होते, पण अनुवंशाचे नियम कळण्याआधी त्याने कोडे अचूक मांडले होते. आणि कारणही दिले. माद्यांची ही रूपे भलत्याच फुलपाखरांची नक्कल आहेत.

ही नक्कल कोणाची, ते आपल्याकडे सहज पाहता येते. कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ ही फुलपाखरे सापसंदाच्या वेलावर वाढतात. वेलातले विष अळीच्या अंगात जाते आणि प्रौढ फुलपाखरातही टिकते, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. कॉमन मॉरमॉनच्या मादीचे एक रूप कॉमन रोझसारखे, दुसरे क्रिमसन रोझसारखे, तर तिसरे सरळ नरासारखे. घाणेरीवर बसलेली मादी ओळखायची तर पंख पाहू नयेत, अंग पाहावे. क्रिमसन रोझचे डोके आणि पोट लाल असते. नक्कल करणाऱ्या मादीचे अंग काळेच राहते, डोक्या-छातीवर बारीक पांढरे ठिपके तेवढे. क्रिमसन रोझचे शास्त्रीय नाव हेक्टर, लिनियसनेच दिलेले. त्याने सांगितलेली छातीवरच्या रक्ताची खूण इथे खरी ठरते. हेक्टरच्या अंगावर ती आहे, पॉलिटीसच्या अंगावर नाही. आज विषारी वेलांवर वाढणाऱ्या या गटाला ‘ट्रॉइडिनी’ हे ट्रॉयचेच नाव आहे, आणि पॉलिटीस त्यात नाही. स्वतःची कसोटी लिनियसने कडकपणे लावली असती तर निदान छावणी चुकली नसती.

भारतात अळी आणि फुलपाखराचे नाते कागदावर आणण्याचे काम अळ्या पाळणाऱ्या सरकारी नोकरांनी केले. साताऱ्यात जन्मलेला, मीठ आणि जकात खात्यातला एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, कारवारकडचा कलेक्टर जेम्स डेव्हिडसन, वनखात्यातला बेल. एटकेन हा 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी. डेव्हिडसन आणि एटकेन यांनी मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या आणि कोश यांवरच्या नोंदी सोसायटीच्या नियतकालिकात 1890 मध्ये छापल्या. पुढे बेलला घेऊन उत्तर कानडा जिल्ह्याच्या फुलपाखरांची यादीही केली. संग्रह मोठा करण्यापेक्षा अंडे कुठे घातले, अळी काय खाते, कोश कसा लटकतो, याकडे या मंडळींचे लक्ष होते. लिंबावरची किंवा कढीपत्त्यावरची ती अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी मळकट दिसते, मोठेपणी हिरवीगार होते आणि डिवचली की डोक्यामागून लालसर दोन शिंगे बाहेर काढून आंबूस वास सोडते. ती घरात डब्यात पाळून तिच्यातून काय निघते हे पाहायला लंडनची संस्था लागत नाही.

इंग्रजी बोली नावे याच काळात भारतात रूढ झाली. एका नराला तीन तऱ्हांच्या माद्या म्हणून ‘मॉरमॉन’, कारण अमेरिकेतल्या त्या नावाच्या पंथात तेव्हा बहुपत्नीत्व चाले. हे नाव संग्रहातल्या पेटीवरून सुचणारे नाही. रानात जोड्या पाहिलेल्याचेच ते असणार. ब्लू मॉरमॉनला मात्र ते जवळचा नातलग म्हणून चिकटले. त्याच्या माद्यांची अशी तीन रूपे नाहीत. आपले राज्य फुलपाखरू शास्त्रीय नावाने विश्वासघातकी आणि बोली नावाने बहुपत्नीक ठरले आहे, आणि दोन्ही बाबतींत निर्दोष आहे.

या रूपांच्या अनुवंशाची सिद्धता श्रीलंकेतून आली. जॉन फ्रायरने तिथे पॉलिटीसच्या वंशावळी पाळून, कोणत्या मादीची संतती कशी निघते याचा हिशोब ठेवला आणि 1913 साली रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत निष्कर्ष मांडले. रूप मेंडेलच्या नियमांनी चालते. नरही ते गुण वाहतो, पण त्याच्या पंखावर ते उमटत नाहीत. फ्रायरने यासाठी दोन घटक धरले होते. क्लार्क आणि शेपर्ड यांनी 1972 मध्ये दाखवले की सगळा कारभार गुणसूत्रावरच्या एकाच ठिकाणाहून चालतो. तिथे एकमेकांना चिकटलेल्या अनेक जनुकांची टोळी असावी, असा तेव्हाचा तर्क होता. कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 साली ‘नेचर’मध्ये दाखवले की टोळी वगैरे नाही, ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक हे करते. हेच जनुक कीटकांत नर-मादी ठरवण्याचे काम करते. पॅमन आणि पॉलिटीस यांच्यातला फरक लिंगभेदाच्या जनुकातूनच येतो हे सिद्ध झाले, 1758 नंतर 256 वर्षांनी.

राहिला नावाचा निकाल. एकाच ग्रंथात, एकाच तारखेला आलेली दोन नावे एका जातीची निघाली, तर दोन्ही एकत्र आणून त्यांतले एक निवडणाऱ्या पहिल्या लेखकाची निवड पाळायची, असा संकेत आहे. पॉलिटीस राहिले, पॅमन समानार्थी नावांच्या यादीत गेले. पण वॉलेसचा निबंध उघडला तर त्यात हेच फुलपाखरू पॅमन म्हणून भेटते, आणि एकोणिसाव्या शतकातल्या याद्यांतही. पॅमन ही वेगळी जात समजून त्या वाचल्या तर गफलत होते. क्रॅमरचे रोम्युलस मात्र वाया गेले नाही. भारतातल्या कॉमन मॉरमॉनच्या उपजातीचे नाव आज तेच आहे, पॅपिलिओ पॉलिटीस रोम्युलस. म्हणजे पुण्यातल्या लिंबावर जन्मलेला, लाल रंगाचा पट्टाही अंगावर नसलेला साधा काळा-पांढरा नर शास्त्राच्या वहीत हेक्टरची नक्कल करणाऱ्या मादीच्या नावाने नोंदवला जातो.