बोलपटाच्या उदयकाळातील घोडेस्वार नायक : अमेरिकी वेस्टर्न, मुंबईचा स्टंटपट आणि मराठी ऐतिहासिक चित्रपट

मराठी बोलपटाच्या प्रारंभकाळाचा विचार बहुधा 'अयोध्येचा राजा' (१९३२) ते 'संत तुकाराम' (१९३६) या पौराणिक व संतपटांच्या परंपरेतून केला जातो. त्याच दशकात मुंबईत बहरलेला स्टंटपट मात्र 'हलकी करमणूक' ठरून या विवेचनाबाहेर राहिला. मास्टर विठ्ठल यांची कारकीर्द पाहता ही विभागणी पुन्हा तपासून पाहावी लागते.

या प्रश्नाला अमेरिकेतील घडामोडींची पार्श्वभूमी आहे. ध्वनिमुद्रणाची आरंभीची अवजड यंत्रसामग्री उघड्या माळावरील चित्रणास गैरसोयीची होती. 'इन ओल्ड अ‍ॅरिझोना' (१९२९) या चित्रपटाने ती अडचण ओलांडता येते हे दाखवले. परंतु 'द बिग ट्रेल' (१९३०) हा खर्चिक वेस्टर्न आर्थिकदृष्ट्या अपयशी ठरला. मंदीच्या काळात एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची प्रथा रूढ झाली आणि वेस्टर्न प्रामुख्याने छोट्या कंपन्यांच्या हाती गेला. मोजक्या दिवसांत, अल्प खर्चात हे चित्रपट तयार होत. 'द बिग ट्रेल'चे नायक जॉन वेन यांनाही 'स्टेजकोच' (१९३९) येईपर्यंत अशाच चित्रपटांत काम करावे लागले.

मुंबईतील स्थित्यंतर याहून निराळे होते. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी केलेले मास्टर विठ्ठल मूकपटांतील आघाडीचे साहसी नायक होते. 'आलम आरा'साठी (१९३१) त्यांनी शारदा कंपनी सोडली, तेव्हा करारभंगाचा वाद न्यायालयात गेला. विठ्ठल यांची बाजू बॅ. जिना यांनी मांडली. बोलपटाला मात्र तलवारीपेक्षा उर्दू उच्चार आणि गायन अधिक हवे होते. पहिल्या बोलपटाच्या या नायकाला बोलपटानेच मागे सारले, असे म्हणावे लागते.

साहसपट मात्र संपला नाही. 'द मार्क ऑफ झोरो'वरून 'दिलेर डाकू' (१९३१) काढणारे जे. बी. एच. वाडिया आणि त्यांचे बंधू होमी यांनी वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली'तून (१९३५) पर्थमध्ये जन्मलेल्या नादियाला घोड्यावर बसवले. तिच्या चित्रपटांतील 'पंजाब का बेटा' हा घोडाही लोकप्रिय झाला. येथे वेस्टर्नमधील वसाहतीची सीमारेषा नाही. अन्यायी वजीर आणि बंदिवान राजा आहेत. परकीय राजवटीत अन्यायाविरुद्ध हंटर उगारणारी राजकन्या प्रेक्षकाला आपली वाटली, यात नवल नाही.

मराठीत हीच घोडदौड ऐतिहासिक चित्रपटात आली. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर' (१९३९) या चित्रपटात मास्टर विठ्ठल पुन्हा पडद्यावर दिसतात. साहसाचे कसब तेच होते. शिवकालाच्या संदर्भाने त्याला प्रतिष्ठा लाभली. म्हणून मराठी ऐतिहासिक चित्रपटाच्या परंपरेत बखर आणि पोवाड्याबरोबर उपेक्षित स्टंटपटाचेही ऋण नोंदवणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने आवश्यक आहे.