गंगाजल, पटकी आणि जिवाणूभक्षक विषाणू : एका प्रसिद्ध दाव्याची शहानिशा

१/ ‘गंगेच्या पाण्यात जिवाणूभक्षक विषाणू आहेत, हे १८९६ सालीच एका इंग्रजाने सिद्ध केले.’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या वाचनात आले असेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा वाक्यापाशी थांबून विचारावे : त्या साली नेमके काय सिद्ध झाले होते?

२/ अर्नेस्ट हॅन्किन हे आग्र्याला सरकारी रासायनिक परीक्षक होते. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे म्हणजे कॉलऱ्याचे जंतू काही तासांत मरतात, असे त्यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात मांडले. पाणी उकळले की हा गुण नाहीसा होई.

३/ एवढेच वाचले तर विषाणूंचा तर्क पटतो. परंतु बंद नळीत तापवलेल्या पाण्यात तो गुण टिकतो, ही नोंदही हॅन्किन यांचीच. म्हणून त्यांचा संशय उडून जाणाऱ्या एखाद्या रसायनावर होता. विषाणू असते, तर ते बंद नळीतही उष्णतेने नष्ट झाले असते.

४/ गंगेत जिवाणूभक्षक आहेतच. ते प्रत्येक नदीत असतात. प्रश्न आहे तो १८९६ च्या पुराव्याचा, आणि तो पुरावा ‘सिद्ध केले’ या शब्दांचे ओझे पेलत नाही.

५/ खरा शोध पुढचा. १९१५ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी जिवाणूंच्या वसाहती काचेसारख्या पारदर्शक होऊन विरताना पाहिल्या. १९१७ साली पॅरिसमध्ये फेलिक्स देरेल यांनी आमांशाच्या जिवाणूंना मारणाऱ्या अदृश्य घटकाला ‘बॅक्टेरिओफाज’ हे नाव दिले. हा सजीव परजीवी की नुसते विकर, हा वाद मात्र दीर्घकाळ चालला. १९४० च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचे रूप दाखवले.

६/ टी-४ या विषाणूचे रूप पाहा. वर अनेक पैलूंचे डोके, त्यात डीएनए. खाली आकुंचन पावणारी शेपटी, तळाशी चकती आणि सहा लांब तंतू. तंतू जिवाणूला ओळखतात, शेपटीचे आवरण आकसते, आतली नळी भिंत भेदते आणि डीएनए आत शिरतो. लांबी एवढी अल्प, की असे सुमारे ५,००० एकापुढे एक ठेवले तर एक मिलिमीटर भरेल.

७/ यांची उत्क्रांती सरळ वंशवृक्षासारखी नाही. एकाच जिवाणूत भेटलेले विषाणू जनुकांची देवाणघेवाण करतात. गोधडीतल्या तुकड्यांसारखा त्यांचा जनुकसंच जोडला जातो. शेपटीधारी विषाणूंच्या डोक्यातील प्रथिनाची घडी माणसाला बाधणाऱ्या हर्पिस विषाणूतही आढळते. दोहोंचा पूर्वज एकच व अतिप्राचीन असावा, असे अभ्यासक मानतात.

८/ आता इतिहासाचा विलक्षण योगायोग. हॅन्किन यांच्या लेखानंतर बरोबर १०० वर्षांनी, १९९६ साली, मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकालानोस यांनी दाखवले की पटकीच्या जंतूचे प्राणघातक विष तयार करणारी जनुके त्याला एका तंतुरूप जिवाणूविषाणूकडूनच मिळालेली आहेत. तो विषाणू जंतूला मारत नाही; त्याला शस्त्र पुरवतो.

९/ म्हणजे ज्या विषाणूंना आपण गंगेचे रक्षक म्हणून गौरवतो, त्यांच्याच एका भाऊबंदाने पटकीला तिचे विष दिले. निसर्गात कोणी कायमचा रक्षक नसतो. आणि आजचे ज्ञान कालच्या माणसाच्या हाती ठेवणे हा त्याचा सन्मान नव्हे. हॅन्किन यांचा खरा सन्मान त्यांची गैरसोयीची नोंदही वाचण्यात आहे.