निरुपद्रवी गोळी

साल १९६०. पश्चिम जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये औषधाच्या दुकानात तुम्ही रांगेत उभे आहात. पुढची तरुण बाई झोपेसाठी ‘कॉन्टरगन’ मागते. दुकानदार चिठ्ठी विचारत नाही, कारण ती लागतच नाही. १९५७ पासून ही गोळी अशीच विकली जाते आहे. कितीही मोठा डोस दिला तरी उंदीर मरत नाहीत, म्हणून कंपनीने ती निर्धोक ठरवलीय. गाभण जनावरांवर मात्र ती कुणी तपासलेली नाही. बाई पैसे देते, पुडकं पर्समध्ये टाकते. आपल्याला दिवस गेलेत हे तिलाही अजून ठाऊक नाही. कॉन्टरगनमधल्या थॅलिडोमाइड या औषधाचा घात नेमका याच काळात होतो: गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवसांत, बाळाचे हात, पाय, कान आकार घेत असताना. एक गोळीही पुरते.

आता नोव्हेंबर १९६१. बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ घरोघरी जाऊन आयांना भेटताहेत, आणि तुम्ही त्यांच्या शेजारी बसला आहात. बाळाचे पंजे थेट खांद्यापासून फुटलेत. गरोदरपणी कोणती औषधं घेतली, हे आईने आधीच सांगितलंय. त्यात कॉन्टरगन नाही. लेन्झ आता नाव घेऊन विचारतात. हो, घेतली होती की! पण एवढी साधी गोळी, ती काय सांगायची? असं बोलणारी ही एकटीच नाही. आईला कशाला बोल लावायचा? निर्धोकपणाची जाहिरात तिने थोडीच केली होती!

लेन्झ कंपनीला फोन करतात. महिना संपायच्या आत जर्मनीत विक्री थांबते. जगभरात एकूण दहा हजारांहून अधिक बाळांना या औषधाने इजा झाली. अमेरिकेत मात्र औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी परवानगी अडवून धरलेली. त्यांना खटकलेल्या गोष्टींत गोळी घेणाऱ्यांच्या हातापायांना येणाऱ्या मुंग्याही होत्या.

परत या. हेच थॅलिडोमाइड आज आपल्याकडे मायलोमा या कर्करोगावर आणि कुष्ठरोगातल्या एका त्रासदायक प्रतिक्रियेवर दिलं जातं, कडक अटी घालून. झोपेच्या सगळ्याच गोळ्या त्याच्याइतक्या घातक नसतात, पण म्हणून गरोदरपणी त्या परस्पर घेऊ नका. फिट्सची किंवा मनाच्या आजाराची गोळी चालू असेल, तर ती परस्पर बंदही करू नका. दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल, तर घरातली प्रत्येक गोळी डॉक्टरांपुढे ठेवा, सांगण्याजोगी वाटत नाही तीसुद्धा.