उजेडात घट्ट होणारा सरस

लाकडाची पेटी, वर जाड काच, आत ओळीने बसवलेल्या ट्यूबलाइट आणि दाबायला काळा फोम. घरातल्याच एका खोलीत स्क्रीन प्रिंटिंग सुरू करणाऱ्या अनेकांची एक्स्पोजिंगची, म्हणजे स्क्रीनला उजेड देण्याची, पेटी अशी सुतार आणि वायरमन यांच्या हातची असे. लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापणाऱ्या या धंद्याला अशा पेटीने मोठा आधार दिला. तिच्यामागचे रसायन मात्र मुद्रणातल्या या पद्धतीहून जुने आहे.

१८३९ मध्ये स्कॉटलंडच्या मंगो पाँटनला आढळले की पोटॅशियम बायक्रोमेट लावलेला कागद उन्हात रंग बदलतो. १८५२ मध्ये इंग्लंडच्या टॅलबॉटने पुढची गोष्ट दाखवली. बायक्रोमेट मिसळलेले जिलेटिन, म्हणजे शुद्ध केलेला सरस, उजेड लागला की घट्ट होते आणि मग पाण्यात विरघळत नाही. १८५५ मध्ये फ्रान्सच्या प्वातव्हँने याच गुणावर छपाईच्या पद्धती उभ्या केल्या. फोटोलिथो, म्हणजे छायाचित्रावरून होणारी शिळाछपाई, त्याच वाटेने आली. चित्रपटाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके लोणावळ्याजवळच्या रविवर्मा प्रेससाठी हेच काम करत होते.

ताणलेल्या रेशमातून शाई दाबून छापण्याचे पेटंट मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने १९०७ मध्ये घेतले. पुढच्या दशकात अमेरिकेत बायक्रोमेटचा लेप त्या कापडावर चढला. लेपावर पॉझिटिव्ह, म्हणजे पारदर्शक फिल्मवरची काळी अक्षरे, ठेवून उजेड दिला की उघडा भाग कडक होतो. काळ्या अक्षरांखालचा भाग मऊ राहतो आणि पाण्याने धुऊन निघतो. तिथूनच शाई उतरते.

आता प्रश्न उजेडाचा. या लेपाला निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश लागतो. म्हणूनच पिवळ्या मंद दिव्याखाली त्याला हाताळता येते. ऊन फुकट, पण ढग आला की अंदाज चुकतो. मोठ्या छापखान्यांनी कार्बन आर्कचे प्रखर दिवे लावले. १९६२ पासून छायाचित्रांची स्क्रीन वापरणारा अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल ती व्यावसायिकांकडून करवून घेत असे. छोट्या मुद्रकाला अशा दिव्यांचा खर्च परवडणारा नव्हता.

ट्यूबलाइटने त्याची अडचण सोडवली. तिचा अतिनील प्रकाश कमी, म्हणून वेळ जास्त लागतो. पण काचेजवळ ओळीने लावल्यास उजेड सगळीकडे सारखा पडतो. एकच बल्ब लावला तर मध्यभागी जास्त आणि कोपऱ्यांत कमी. तो दुप्पट उंचीवर नेला तर वेळ चौपट.

वेळेइतकाच फोमचा दाबही महत्त्वाचा. तो कमी पडला की उजेड पॉझिटिव्हच्या कडेखालून आत शिरतो. देवनागरीत त्याचा पहिला फटका अनुस्वाराला बसतो: ठिपका बुजतो आणि पत्रिकेतले नाव बदलते. योग्य वेळ ठरवण्यासाठी कारागीर पुठ्ठा थोडा थोडा सरकवत एकाच स्क्रीनवर वेगवेगळ्या वेळांच्या पट्ट्या घेतात आणि बारीक रेघ जिथे स्वच्छ उघडते ती वेळ धरतात.

खिळ्यांच्या छपाईत देवनागरी खिळ्यांचे खण भरायला जागा आणि भांडवल लागे. स्क्रीनवर हाताने काढलेले अक्षरही थेट छापता येई, त्यामुळे पाट्या रंगवणारा पेंटरही मुद्रक होऊ शकला. छपाईची ही मोकळीक त्या घरगुती पेटीची खरी कमाई आहे.

बायक्रोमेटमधले क्रोमियम विषारी आणि कर्करोगकारक असल्याने डायझो आणि फोटोपॉलिमरचे लेप आले. पेट्यांत आता अतिनील एलईडीच्या पट्ट्याही बसतात. दिवा किंवा लेप बदलला की पुठ्ठ्याची चाचणी मात्र नव्याने घ्यावी लागते.