नळीचे आठ दोष

हेमाद्री पंडित मराठी माणसाला माहीत असतो तो चुना न वापरता उभारलेल्या दगडी देवळांमुळे आणि मोडी लिपीमुळे. देवगिरीच्या यादवांचा हा श्रीकरणाधिप तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव आणि रामचंद्र या दोन राजांच्या पदरी होता. राज्याचे दप्तर सांभाळणाऱ्या या माणसाने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीकाही लिहिली. त्याच्याच आश्रयाने वैद्य केशवाचा मुलगा बोपदेव व्याकरणाबरोबर औषधांवरही लिहीत होता. त्याआधी सिंघण यादवाच्या काळात ‘संगीतरत्नाकर’ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने गाण्याच्या ग्रंथाची सुरुवात मानवी शरीराच्या उत्पत्तीपासून केली होती. आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवरचा तो देवगिरीचा किल्ला वैद्यकाच्या अभ्यासाचेही ठिकाण होता.

हेमाद्रीने टीका लिहिली त्या ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानाचा एकोणिसावा अध्याय बस्तीचा, म्हणजे एनिमाचा आहे आणि पंचविसावा यंत्रांचा. शरीरात नळी घालायची तर ती कशी असावी, हे बस्तीच्या अध्यायात बारकाईने येते. नळी सोन्याची, इतर धातूंची, लाकडाची किंवा हाडाची चालेल. पण ती गाईच्या शेपटीसारखी निमुळती, गुळगुळीत आणि सरळ हवी. लांबी वयावर ठरे. वर्षाच्या आतल्या बाळाला पाच अंगुळे, सातव्या वर्षी सात, सोळाव्या वर्षी नऊ, विशीच्या पुढे बारा. भोकाचे माप मूग, उडीद, वाटाणा, बोर अशा दाण्याफळांवरून सांगत. नळी फार आत जाऊ नये म्हणून तिला कडे ठेवत. द्रव भरायच्या पिशवीसाठी बोकड, म्हैस, हरीण अशा जनावरांचे मूत्राशय कमावून वापरत.

मूत्रमार्गातल्या उत्तरबस्तीसाठी सुश्रुताने चौदा अंगुळांची नळी सांगितली आहे आणि ती अंगुळे रोग्याच्या स्वतःच्या बोटांनी मोजायची. टोक मालतीच्या फुलाच्या देठाएवढे, भोक मोहरीचा दाणा जाईल इतके. आत सोडलेला द्रव परत आला नाही तर काय करायचे, हेही तिथेच आहे: बेंबीखाली मुठीने दाबायचे किंवा मूत्राशयाच्या तोंडाशी सळई घालून वाट मोकळी करायची.

नळी घालण्याची कृती लिहून ठेवणारे पुष्कळ असतात. ती बिघडली तर काय होते, याची यादी करणारे थोडे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातला पाचवा अध्याय ही यादीच आहे. नळीचे दोष आठ. आखूड नळी पोहोचत नाही, लांब नळी हवी त्यापेक्षा पुढे जाते. बारीक नळी आत हलते आणि क्षोभ करते, जाड नळी खरवडत जाते. जुनी झालेली जखम करते, सैल बांधलेली गळते, बाजूला भोक पडलेली टोचते, वाकडी नळी द्रवाला तिरपे नेते. पिशवीचे दोषही आठच. त्यांनंतर येतात ते नळी धरणाऱ्याचे दोष. हवा न काढताच द्रव सोडणे, घाईने घालणे, तिरपी धरणे, हात कापणे, फार हळू किंवा फार जोरात दाबणे, असे ते मोजले आहेत. बिघाड झाला की तो साधनाचा की हाताचा, हे आधी वेगळे करायचे, अशी ही मांडणी आहे.

पोटात पाणी साचलेल्या रोग्याबद्दल सुश्रुत आणखी सावध आहे. बेंबीच्या खाली डावीकडे व्रीहिमुख शस्त्राने छिद्र पाडून त्यात कथलासारख्या धातूची किंवा पक्ष्याच्या पिसाची नळी घालायची आणि पाणी काढायचे. पण सगळे एका दिवसात नाही. एकदम उपसले तर तहान, ताप, अंगदुखी, जुलाब, दम लागतो. म्हणून काही दिवसांच्या अंतराने थोडे थोडे काढायचे आणि पोट लोकरीच्या किंवा रेशमी कापडाने, नाहीतर चामड्याने आवळून ठेवायचे. आजही एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढले तर रक्ताभिसरण ढासळू नये म्हणून शिरेतून अल्ब्युमिन देतात.

‘आयुर्वेदरसायन’ छापून सर्वांच्या हाती आले ते मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यामुळे. अकोल्याचे वैद्य हरिशास्त्री पराडकर यांनी संपादलेल्या १९३९च्या आवृत्तीत ते अरुणदत्ताच्या टीकेशेजारी आहे. तोवर नळी बदलली होती. पॅरिसच्या शारिएर या उपकरणकाराने दाण्यांऐवजी मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाचे माप आणले. वॉर्डात ‘सोळा नंबर’ मागतात ते त्याच्याच हिशेबाने, म्हणजे साधारण सव्वापाच मिलिमीटर. फ्रेंच शल्यविशारद नेलाटॉनने एकोणिसाव्या शतकात मऊ रबरी नळी आणली. लंडनच्या जॉन राईलने १९२१ साली जठरातला रस काढण्यासाठी वापरलेली बारीक नळी आपल्याकडे ‘राईल्स ट्यूब’ या नावानेच रुजली. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रेडरिक फोलीने टोकाला फुगा असलेली नळी आणली आणि लघवीची नळी बाहेर न बांधताही जागेवर राहू लागली.

फुग्यामुळे नळी टिकली आणि तिच्याबरोबर जंतूही. उघड्या बाटलीत लघवी सोडत तोवर चारेक दिवसांत बहुतेक रोग्यांना संसर्ग होई. नळी आणि पिशवी मिळून बंद मार्ग ठेवला तर हे लांबवता येते, हे कुनिन आणि मॅककॉरमॅक या डॉक्टरांनी १९६६ साली दाखवले. त्याच्या दहा वर्षे आधी, १९५६ साली, देवगिरीजवळच्याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले होते. सगळा मराठवाडा त्याच्या रुग्णालयाला ‘घाटी’ म्हणतो.

आता नळी तुंबली की पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. लघवी उतरत नसेल तर नळीला पीळ बसला आहे का, ती मांडीखाली दबली आहे का, पिशवी मूत्राशयापेक्षा वर टांगली आहे का, हे आधी पाहायचे. मग निर्जंतुक सलाईनने हलक्या हाताने धुवायचे. नाकातली नळी बहुधा नीट न कुटलेल्या गोळ्यांनी किंवा दाट पेजेने बसते. म्हणून फीड देण्याआधी आणि नंतर पाणी सोडायचे, सिरिंजमधली हवा काढायची, दट्ट्या जोराने दाबायचा नाही, डोके उंच ठेवायचे. नाकपुडीशी केलेली खूण सरकली असेल तर काहीच सोडायचे नाही. घाई, हवा आणि जोर चरकाच्या यादीतही हाताच्या दोषांत होते.

फरक पडला आहे तो हाताच्या मालकात. चरकाने दोष मोजले ते वैद्याच्या हाताचे. आता नळीसकट घरी सोडलेल्या रोग्याची पिशवी बायको किंवा सून रिकामी करते आणि फीड मुलगा देतो. रुग्णालयातून निघताना सिस्टर त्यांना तीन गोष्टी बजावतात: फुगा भरलेला असताना नळी ओढायची नाही, पिशवी जमिनीला टेकवायची नाही आणि बदलायची तारीख चुकवायची नाही. साध्या लॅटेक्सची नळी काही आठवड्यांत बदलावी लागते, सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते.