दोन तासांचा किनारा

बेलफास्टच्या धक्क्याला क्रूझ लागली की सकाळीच बसगाड्या उत्तरेकडे सुटतात. शंभरेक किलोमीटरवर, अँट्रिमच्या किनाऱ्यावर, जायंट्स कॉजवे आहे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना तडकला आणि त्याचे बहुतेक षटकोनी असे चाळीसेक हजार खांब समुद्रात उतरत गेले. प्रवासी तिथे दीड-दोन तास हिंडतात आणि जहाज सुटायच्या आत परततात. या सहलीवरची टीका ठरलेली आहे: इतक्या घाईत काय दिसणार, हे पर्यटन उथळ आहे, पूर्वीचे प्रवासी असे नव्हते. यातला शेवटचा दावा इतिहासाला धरून नाही. दुरून आलेल्यांनी थोडक्या वेळात पाहून जावे, या बेतानेच हा किनारा प्रेक्षणीय झाला. गेल्या दोन-अडीच शतकांत इथले खरे भांडण वेळेवरून झालेच नाही. वाट कोणाची आणि पैसा कोणाच्या हाती, यावरून ते झाले.

कॉजवेची कीर्ती आधी कागदावर पसरली. १६९३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन आले. डब्लिनच्या सुझाना ड्रुरी या चित्रकर्तीने तिथली दृश्ये बारकाईने रंगवली आणि त्यांना १७४० मध्ये डब्लिन सोसायटीचे बक्षीस मिळाले. त्यांवरून केलेली कोरीव चित्रे युरोपभर गेली. फ्रान्समधल्या ऑव्हेर्न्यचे खांब पाहिलेल्या निकोला देमारेस्ट या भूशास्त्रज्ञाने ही चित्रे त्या खांबांशी ताडली आणि बेसॉल्ट ज्वालामुखीतून आला, असे मांडले. समुद्राच्या पाण्यातून खडक साचतात, असे त्या काळी अनेक विद्वान मानत. म्हणजे भूशास्त्रातल्या एका मोठ्या वादाला अँट्रिमच्या चित्रांनी पुरावा पुरवला. चित्र पाहिले की जागा पाहावीशी वाटते, पण तिथवर पोचणे सोपे नव्हते. कॉजवे पाहण्याजोगा असला तरी पाहायला जाण्याजोगा नाही, असे इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सनचे मत होते. त्या काळातल्या वाटांचा विचार केला तर ते मत चुकीचे म्हणता येत नाही.

ते मत खोटे पाडले अभियंत्यांनी. १८३२ ते १८४२ या काळात विल्यम बाल्डच्या देखरेखीखाली अँट्रिमचा किनारी रस्ता झाला. कडे सुरुंगाने फोडून तो समुद्राच्या कडेने नेला. हेतू तिथल्या तुटक खोऱ्यांना बाहेरच्या जगाशी जोडण्याचा होता, पण देखावा आपोआपच पदरात पडला. १८५५ मध्ये कॉजवेजवळच्या पोर्टरश गावापर्यंत रेल्वे आली. मग विल्यम ट्रेल याने बुश नदीच्या धबधब्यावर वीज निर्माण करून १८८३ मध्ये पोर्टरश ते बुशमिल्स ट्राम सुरू केली. जलविद्युतीवर चालणारी जगातली ही अगदी पहिल्या काळातली ट्राम. १८८७ मध्ये ती कॉजवेपर्यंत गेली आणि बेलफास्टहून सकाळी निघून संध्याकाळी परतणे सोयीचे झाले. १९४९ मध्ये ट्राम बंद पडली. आजच्या क्रूझच्या बसगाड्या तिचेच वेळापत्रक चालवतात. तेव्हा घाईचे खापर जहाजांवर फोडायचे, तर आधी ट्रेलच्या ट्रामवर फोडावे लागेल. मला मात्र ती ट्राम अभिमानास्पद वाटते. जे दृश्य सवडीने फिरणाऱ्या श्रीमंतांपुरते होते, ते तिने एका दिवसाची सुट्टी मिळालेल्या माणसाच्या आवाक्यात आणले.

या गर्दीवर किनाऱ्यावरची घरे जगत. वाटाडे होते, नावाडी होते, खनिजांचे तुकडे पेट्यांत मांडून विकणारे होते, झऱ्याचे पाणी आणि त्यासोबत व्हिस्की देणाऱ्या बायका होत्या. १८४२ मध्ये आलेल्या थॅकरे या इंग्रज कादंबरीकाराला नावाड्यांनी खवळलेल्या समुद्रात नेले, आणि त्याने त्यावर चिडून लिहिले. त्रास खरा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण आपण वाचतो ती तक्रार पाहुण्याची असते. हंगामाच्या चार महिन्यांत वर्षाचे पोट भरायचे असलेल्या माणसाने लिहून ठेवलेले आपल्यापर्यंत फारसे पोचत नाही. शतकाच्या अखेरीस एका कंपनीने जागेचा ताबा घेतला. पिढ्यान्‌पिढ्या ही वाट मोकळी आहे, म्हणून स्थानिक लोक कोर्टात गेले, पण कंपनीची सरशी झाली. १८९८ मध्ये कुंपण आणि फाटक आले आणि आत जायला सहा पेन्स पडू लागले. १९६१ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे जागा आल्यावर फाटक गेले, आणि सोबत टपऱ्याही गेल्या. वाट मोकळी झाली हे उत्तमच, पण वाटेवरचा रोजगार उठला, याची नोंद तितक्या जोराने होत नाही.

कोणी म्हणेल, गर्दीचे नुकसान डोळ्यांना दिसते आहे, मग घाईचे समर्थन कशाला? नुकसान खरेच आहे. कोविडपूर्वी वर्षाला दहा लाखांच्या आसपास लोक येत. खांबांच्या फटींत नाणी ठोकण्याची रीत पडली आहे. ती गंजून फुगतात आणि दगड फोडतात, म्हणून २०२५ मध्ये ट्रस्टला लोकांना विनवावे लागले. पण नाणे ठोकणारा दोन तास थांबला की दोन दिवस, याने दगडाला फरक पडत नाही. संख्येला आवर घालता येतो, रीतही मोडता येते. मला अधिक टोचते ती जवळच्या कॅरिक-ए-रीडची गोष्ट. तिथला दोरांचा पूल १७५५ पासून सामन मासे धरणाऱ्या कोळ्यांचा. मासे घटत गेले, २००२ मध्ये मासेमारी थांबली, आणि आता पूल फक्त ओलांडून पाहण्यासाठी उरला. मासे पर्यटकांनी संपवले नाहीत. तरी काम निघून गेल्यावर उरलेला नुसता देखावा ही उणीव आहे, आणि इथे टीकाकारांचे म्हणणे मला पटते.

मराठी प्रवाशाला हा खडक परका नाही. आपले दख्खनचे पठार बेसॉल्टचेच आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला तसेच खांब, सुमारे साठ मीटर उंचीचे, इमारतींच्या गराड्यात उभे आहेत. तेही एकदा पाहावेत. आणि क्रूझने बेलफास्टला गेलात, तर हाती दोनच तास आहेत म्हणून संकोचू नका. स्थानिक वाटाड्या घ्या, बुशमिल्समध्ये जेवा, नाणी खिशातच ठेवा. अभ्यागत केंद्राला तिकीट आहे, पण दगडांकडे चालत उतरायला आजही पैसे पडत नाहीत.