खड्ड्यातील निखारे आणि अनामिकांचे उष्णताशास्त्र

उष्णतेच्या इतिहासात काउंट रम्फर्ड यांचे नाव टाळता येत नाही. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफेची नळी कोरताना घर्षणातून उष्णता अखंड निर्माण होते, हे त्यांचे निरीक्षण १७९८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले गेले. याच रम्फर्डनी एकदा बटाटे सुकवण्याच्या यंत्रात मेंढीच्या खांद्याचे मांस ठेवून पाहिले. तीन तासांनंतरही ते शिजले नव्हते. यंत्र रात्रभर तसेच राहिले आणि सकाळी मांस उत्तम शिजलेले, रसाळ आढळले. मंद आचेवर दीर्घकाळ शिजवण्याची ही नोंद आज पाकविज्ञानाच्या इतिहासात आदराने सांगितली जाते.

त्याच शतकात अटलांटिकच्या पलीकडे, व्हर्जिनिया आणि कॅरोलिना या प्रदेशांत, अख्खे डुक्कर रात्रभर निखाऱ्यांवर भाजले जात होते. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या लाकडी मचाणावरून, स्पॅनिश ‘बार्बाकोआ’च्या वाटेने इंग्रजीत आला. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७६९ च्या रोजनिशीत अलेक्झांड्रिया येथील अशा मेजवानीची नोंद आहे. मेजवानीला गेलेल्यांची नावे इतिहासात सापडतात. खड्डा खणणारे, लाकूड फोडणारे आणि रात्रभर आचेपाशी उभे राहणारे बहुतांशी आफ्रिकी वंशाचे गुलाम होते. त्यांची नावे क्वचितच सापडतात.

त्यांचे काम नेमके काय होते? जमिनीत लांबट चर खणायचा. हिकरी किंवा ओकचे लाकूड बाजूला जाळून त्याचे निखारे करायचे आणि तेच फावड्याने चरात पसरायचे. वर ओल्या लाकडांचे दांडे आडवे टाकून त्यांवर डुक्कर ठेवायचे. ज्वाळा नको, निखारा हवा. कारण ज्वाळेने वरचा थर करपतो आणि आतले मांस कच्चे राहते. मांड्या आणि खांदे जाड, म्हणून त्यांच्याखाली निखारे अधिक, पोटाखाली कमी.

या नियमामागे उष्णतावहनाचे गणित आहे. घन पदार्थात उष्णता आत शिरण्यास लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली, तर वेळ चौपट. दुसरे कारण रासायनिक आहे. खांद्यातील जोडऊतींमध्ये कोलॅजेन हे चिवट प्रथिन असते. सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअसपासून पुढे ते हळूहळू विरघळून जिलेटिन बनते, पण त्यासाठी कित्येक तास लागतात. घाई केली, तर स्नायूतंतू आकसून पाणी सोडतात आणि कोलॅजेन मात्र चिवटच राहते.

तिसरी बाब सर्वांत रंजक. जाड मांसाचे तापमान ७० अंशांच्या आसपास पोचले की ते कित्येकदा तासन्‌तास तिथेच अडकते. निखारे तेच, आच तीच, पण पारा हलत नाही. घामाने शरीर थंड राहते, तसेच हे घडते. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते; तेवढ्या उष्णतेत पाच किलोंहून अधिक पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापेल. पृष्ठभागावरील ओल आटेपर्यंत आत येणारी उष्णता बाष्पीभवनातच खर्च होत राहते. अशा वेळी आच वाढवण्याचा मोह आवरणे हेच कौशल्य.

वेस्ली जोन्स हे पूर्वी गुलाम असलेले वृद्ध गृहस्थ दक्षिण कॅरोलिनातले. अमेरिकी सरकारच्या उपक्रमात १९३७ मध्ये त्यांची मुलाखत नोंदवली गेली. व्हिनेगर, मिरी, तिखट मिरची, लोणी, धने, कांदा, लसूण यांचे मिश्रण काठीला गुंडाळलेल्या फडक्याने मांसावर रात्रभर कसे फिरवत, आणि ठिबकणाऱ्या रसाने धुरालाच कशी चव येई, हे त्यांनी तपशीलवार सांगितले. ही नोंद झाली नसती, तर हे बारकावे त्यांच्याबरोबरच गेले असते.

आपल्या देशासाठी हा प्रश्न परका नाही. जखमा भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये एकस्व दिले गेले. सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. या लढ्यात कामी आला तो लिखित पुरावा: प्राचीन संस्कृत ग्रंथ आणि १९५३ मधील एक वैद्यकीय शोधनिबंध. पुढे पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले, त्याचाही मुख्य आधार ग्रंथच. आजीच्या बोटवा पुरावा म्हणून चालला नसता.

रम्फर्डचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. त्यांनी निरीक्षण लिहून ठेवले, कारण शोधले, इतरांना तपासता येईल अशा रीतीने मांडले; विज्ञान म्हणतात ते यालाच. पण ज्यांना लिहू दिले गेले नाही, त्यांनी निरीक्षणच केले नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. कॅरोलिनातील गुलामांना लिहायला शिकवणे हा १८३४ च्या कायद्याने दक्षिण भागात गुन्हा ठरला होता. हुरड्याची आगटी लावणारा शेतकरी, कुंभाराची भट्टी, लोहाराचा भाता: उष्णतेचे असे कितीतरी ज्ञान आपल्याकडे आजही हातांतच आहे. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या गावातील अशा एखाद्या माणसापाशी वही आणि तापमापक घेऊन एक दिवस बसा. जे दिसेल ते लिहा, आणि सांगणाऱ्याचे नाव सर्वांत वर लिहा.